हुद्दा कागदावर घे

पोरी,

रविवारी तू येऊन गेलीस, चहा तसाच निवला. तुझ्यानंतर दीड वर्षानं लागलेल्या मुलाला चार हजार जास्त, हे सांगताना तू आवाज बारीक केलास, जणू चूक तुझीच. वर म्हणालीस, "अक्का, कागदावर तो इंजिनिअर आहे, मी असिस्टंट." अगं, मग एकाच टेबलावर बसून एकाच मायक्रोमीटरनं तेच व्हॉल्व्ह दोघं कसे तपासता? रिजेक्शनवर सही कुणाची, तुझीच ना?

म्हणून आधी पगाराचं काढू नकोस. हुद्दा कागदावर घे.

१९७६ च्या समान वेतन कायद्यानं एकसारखं किंवा त्याच स्वरूपाचं काम असेल तर बाईला कमी देता येत नाही असं ठरवलं. तेच आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे. पळवाट असते ती नावात. ऑड्री डिकोस्टा नावाच्या स्टेनोग्राफर बाईचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. कंपनीनं बायकांचं पद वेगळं दाखवलं, परवडत नाही म्हणूनही सांगितलं. १९८७ साली कोर्टानं दोन्ही मानलं नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तेवीस वर्षं पगारपत्रक लिहिलं. कोअर शॉपमध्ये अनगोळच्या, पिरनवाडीच्या बायका वाळूचे कोअर, म्हणजे ओतकामात आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे ठोकळे, करायच्या. कितीही साबण लावला तरी त्यांच्या बोटांच्या चिरांतली वाळू निघायची नाही. शेजारी पुरुष तेच कोअर करायचे. ते 'कोअरमेकर', ह्या 'हेल्पर'. बाहेर भाषेवरून गाव बंद व्हायचं. आत मराठी बोलणारीला आणि कन्नड बोलणारीला पैसे सारखेच कमी. तो 'हेल्पर' शब्द दर महिन्याला माझ्या अक्षरात उतरायचा.

एकदा मी साहेबांकडे गेले, पण माझ्यापुरती. क्लार्कची अकाउंटंट झाले, सहाशे वाढले. त्या बायकांचं तोंडातून काढलं नाही. सासरे अंथरुणाला होते, दोन मुलांची फी होती, नोकरी गेली असती तर घर बसलं असतं. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? त्या रिटायर झाल्या तेव्हा ग्रॅच्युइटी निघाली ती शेवटच्या पगारावर, दर वर्षामागं पंधरा दिवसांची. कमी पगाराचे पंधरा दिवस. ते गणितही मीच केलं.

'मॅनेजर चांगले आहेत, दिवाळीनंतर बघू म्हणालेत' हे मला परत सांगू नकोस. बघू म्हणजे काय? कुठल्या तारखेला, कुठल्या हुद्द्यावर? कागदावर घे.

तीन महिन्यांत तू सही केलेल्या तपासणी अहवालांचे नंबर आणि तारखा वहीत उतरव. कामाचं वर्णन तुझ्या शब्दांत लिही. अर्ज दोन प्रतींत कर, एकीवर आवक नंबर, शिक्का, तारीख मागून घे. घेत नाही म्हणाले तर स्पीड पोस्टानं पाठवू. मजकूर शनिवारी घेऊन ये, मी बघून देते.

तुझी अक्का