क्वांटमच्या भरवशावर राहू नकोस

प्रिय,

न्यूटनच्या जगात सगळं आधीच ठरलेलं होतं, क्वांटमने, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या भौतिकीने, त्यात अनिश्चितता आणली, म्हणजे इच्छास्वातंत्र्य वाचलं, असं तू लिहिलं आहेस. उत्साह आवडला, युक्तिवाद पटला नाही. लाप्लासने १८१४ मध्ये कल्पिलेली, विश्वाची आजची स्थिती जाणून पुढचं सगळं सांगू शकणारी सर्वज्ञ बुद्धी क्वांटमने निकालात काढली असं धरून चालू. (भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमचे अनुयायी तेही मानत नाहीत, त्यांच्या मते क्वांटमच्या मागेही सगळं ठरलेलंच असतं.) तरी हाती काय लागलं? माझा हात एखाद्या अणूच्या लहरीवर हलत असेल, तर तो निर्णय माझा कसा? ही तर आगीतून फुफाट्यात उडी.

त्यापेक्षा गणितज्ञ जॉन कॉनवे आणि सायमन कोशेन यांचं २००६ मधलं प्रमेय घेऊन बस. ‘फ्री विल थिअरम’ (इच्छास्वातंत्र्याचं प्रमेय) हे नाव ऐकूनच लोक हुरळून जातात, पुढचं वाचत नाहीत. स्पिन हा कणाचा एक अंगभूत, मोजता येणारा गुण. स्पिन-१ प्रकारचा कण घे. एकमेकींना लंब असलेल्या तीन दिशांना त्याच्या स्पिनचा वर्ग मोजला, की दोन उत्तरं १ आणि एक ० येतं, नेहमीच. आता समज, ही उत्तरं कणाजवळ आधीपासून तयार आहेत. मग प्रत्येक दिशेपुढे ० किंवा १ लिहिता यायला हवा. भौतिकशास्त्रज्ञ ॲशर पेरेसने अशा ३३ दिशा शोधल्या, की नियम न मोडता त्यांना आकडे देताच येत नाहीत. हे स्वतः करून बघ. एका दिशेला ० दिलास, की तिला लंब असलेल्या सगळ्यांना १ द्यावा लागतो. त्यामुळे शेजारच्या त्रिकुटातला ० कुठे जाणार हेही ठरतं, आणि असं सरकत सरकत कुठेतरी तिन्ही १ होऊन बसतात. मग मागे येऊन दुसरीकडून सुरुवात करायची, पुन्हा तीच कोंडी.

कॉनवे-कोशेन यांनी याला, त्या कणाशी उत्तरं जुळणाऱ्या दूरवरच्या जोडकणाची आणि सापेक्षतेची (प्रकाशापेक्षा वेगाने परिणाम पोहोचत नाही, या नियमाची) जोड दिली. निष्कर्ष असा: दिशा निवडणाऱ्या माणसाची निवड आधीच्या इतिहासाने ठरलेली नसेल, तर कणाचं उत्तरही तसं ठरलेलं नसतं. मेख त्या ‘नसेल’मध्ये आहे. माणसाचं स्वातंत्र्य इथे सिद्ध झालेलं नाही, गृहीत धरलेलं आहे.

उत्तरं कणांजवळ आधीच तयार असतील आणि दूरवरून परिणाम होत नसेल, तर क्वांटमची भाकितं जुळणार नाहीत, असं सांगणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलच्या १९६४ च्या प्रमेयातही असंच गृहीतक दडलेलं आहे, आणि प्रयोगकर्त्यांना ते टोचतं. २०१६ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांनी मनाला येतील तसे ० आणि १ दाबले, त्यावरून अनेक प्रयोगशाळांतली मोजमापं ठरवली गेली. २०१८ मध्ये तर हे काम क्वेसारच्या, म्हणजे अतिदूरच्या तेजस्वी आकाशगंगा-केंद्रांच्या, प्रकाशावर सोपवलं. निवड आणि निकाल यांमागे एकच छुपं कारण असलंच, तर ते किमान ७.८ अब्ज वर्षं मागे ढकललं गेलं. ढकललं गेलं, संपलं नाही. विश्वाच्या आरंभीच सगळं जुळवलेलं होतं, असं कोणी म्हटलं तर कुठलाही प्रयोग त्याचं तोंड बंद करू शकत नाही. मला तो विचार आळशी वाटतो, पण तो चूक आहे हे दाखवता येत नाही.

निर्णयाची जाणीव होण्याआधीच मेंदूत हालचाल सुरू होते, असं दाखवणाऱ्या लिबेटच्या प्रयोगात सध्या अडकू नकोस, त्याच्या अर्थावरच वाद आहे.

आधी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम वाच. कारणांनी बांधलेला माणूसही मोकळा असू शकतो, असं तो १७४८ मध्येच म्हणून गेला. मग मला कळव, तुला नक्की कुठलं स्वातंत्र्य हवं आहे: कारणांपासून सुटका, की स्वतःच्या कारणांनी वागणं? पहिलं हवं असेल, तर ३३ दिशांचा तक्ताही सोबत पाठव, त्यावरच बोलू.

तुझा,
एक जुना वाचक