आघातावर संशोधन करायचंय? आधी अहिराणीकडे बघा

जळगाव-धुळ्यात पीटीएसडीवर, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकारावर काम करायचं, तर आधी 'आघात' कशाला म्हणायचं ते पक्कं करा. कापूस बुडाला, कर्ज वाढलं, हा मोठा ताण आहे. पण डीएसएम-५च्या, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेच्या निकषात तो आघात ठरत नाही. घरच्या माणसाची आत्महत्या ठरते. इथे गफलत झाली की पुढची सगळी आकडेमोड वाया.

पीसीएल-५ ही पीटीएसडीची लक्षणं मोजणारी प्रश्नावली. तिच्यात २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, काळ मागचा एक महिना. ३१-३३च्या पुढे गुण गेले म्हणजे निदान झालं असं नाही. त्याला प्रशिक्षित माणसाची मुलाखतच लागते.

खरी मेहनत भाषांतरात आहे. 'भावनिक बधिरता' (भावनाच न जाणवणं) हा शब्द गावात कोणाला कळणार? दोघांकडून स्वतंत्र अहिराणी भाषांतर करून घ्या, मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर. नंतर गावातल्या आठ-दहा जणींना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, "यातून तुम्हाला काय समजलं?" शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात तर अहिराणीही पुरत नाही.

वेचणीच्या दिवसांत दुपारी जाऊ नका, घरी कोणी भेटत नाही. सासू-दिरासमोर बाई मोकळं बोलत नाही, एकांत मिळवाच. नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक सोबत ठेवा. कोणी रडू लागलं तर प्रश्नावली मिटवा, पाणी द्या. पुढे बोलायचं का, ते तिलाच ठरवू द्या.