‘मिसडायरेक्शन’ म्हणजे नेमके काय, आणि जादूगाराखेरीज ते कोण वापरते?

मिसडायरेक्शन म्हणजे समोरच्याचे लक्ष आपल्याला हव्या त्या जागी गुंतवून खरी कृती दुसरीकडे उरकणे. त्यासाठी ‘दिशाभूल’पेक्षा ‘हूल देणे’ हा शब्दप्रयोग मला अधिक जवळचा वाटतो, कारण दिशाभूल नुसत्या चुकीच्या माहितीनेही होते. नाणे गायब करणारा जादूगार डाव्या हातातले नाणे उजव्या हाताने उचलल्याचा आव आणतो, उजवी मूठ वर नेतो आणि स्वतःही तिच्याकडेच पाहत राहतो. माणसाची नजर समोरच्याच्या नजरेमागे आपोआप जात असल्याने नाणे अजून डाव्याच हातात आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. (हात डोळ्यापेक्षा चपळ असतो, हा समज खरा नाही, डाव्या हाताला घाईच नसते.) युद्धातही हेच चालते. १९४४ मध्ये दोस्त राष्ट्रांनी आग्नेय इंग्लंडात बनावट लँडिंग क्राफ्ट (सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौका), खोट्या बिनतारी संदेशांची वर्दळ आणि अमेरिकी जनरल पॅटन यांच्या नावाचे कागदावरचे सैन्य उभे करून हल्ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅले शहराच्या बाजूला होणार असे भासवले, आणि ६ जूनला फ्रान्सच्याच किनाऱ्यावर, पण दूर नॉर्मंडीत सैन्य उतरल्यानंतरही जर्मनांनी आपल्या पंधराव्या सेनेचा मोठा भाग कित्येक आठवडे कॅलेच्या परिसरातच ठेवला. शाएस्तेखानावरील १६६३ च्या छाप्यानंतर कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधल्याची कथा याच जातीची, मात्र ती परंपरेने सांगितली जाते. एक मर्यादा लक्षात घ्यावी : हूल बहुधा तेव्हाच लागू पडते, जेव्हा समोरचा ती मानायला आधीच तयार असतो, इंग्लंड-फ्रान्समधली खाडी तेथे सर्वांत अरुंद असल्याने कॅलेवरच हल्ला होईल, असे जर्मनांना मुळातच वाटत होते.