शहरात नवा व्यावसायिक फुटबॉल संघ येणार असेल, तर चाहत्यांनी किती अपेक्षा ठेवावी?

आपल्या शहरात पुढच्या हंगामापासून एक नवा व्यावसायिक फुटबॉल संघ सुरू होणार असल्याची घोषणा झाली आहे आणि मित्रमंडळींत सध्या दुसरा विषय नाही, असे आपण लिहिले आहे. या संघाकडून कितपत अपेक्षा ठेवावी, तो मैदानात उतरण्याआधी चाहत्यांनी काही करण्यासारखे आहे का आणि संपूर्ण हंगामाचे तिकीट आत्ताच काढून ठेवावे का, असे आपले प्रश्न आहेत. शहराचे नाव आपण दिलेले नाही, त्यामुळे मी माझ्या शहराच्या, म्हणजे पुण्याच्या, अनुभवावरून उत्तर देतो. नव्या संघाची वाट पाहण्याचा सराव आम्हा पुणेकर फुटबॉलप्रेमींना चांगलाच आहे. २००७ ते २०१५ या काळात आम्ही अशी वाट चार वेळा पाहिली, आणि आज देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये आमच्या शहराचा एकही संघ नाही.

पहिला संघ पुणे एफसी. तो २००७ मध्ये स्थापन झाला, दुसऱ्या श्रेणीतून वर चढून आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, आला आणि २०१२-१३ च्या हंगामात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. गाजावाजा फारसा नव्हता, पण संघ भक्कम होता आणि त्याची अकादमीही नावाजलेली होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग या नव्या फ्रँचायझी लीगसाठी एफसी पुणे सिटी हा संघ जाहीर झाला, त्याच वर्षी आय-लीगमध्ये भारत एफसी नावाचा आणखी एक नवा संघ पुण्यातूनच उतरला, आणि पुढच्या वर्षी शिवाजीयन्स हा शहरातला जुना क्लब नव्या प्रायोजकाच्या बळावर आय-लीगमध्ये दाखल झाला. म्हणजे २०१४-१५ च्या हंगामात बालेवाडीच्या एकाच मैदानाला तीन संघ आपले घर म्हणत होते. भारत एफसी पहिल्याच हंगामात तळाला राहिला आणि त्यानंतर दिसला नाही. पुणे एफसीचाही तो अखेरचा हंगाम ठरला. शिवाजीयन्स २०१७ मध्ये थांबला. उरलेल्या एफसी पुणे सिटीची गोष्ट जरा विस्ताराने सांगतो, कारण आपण आत्ता ज्या मनःस्थितीत आहात त्याच मनःस्थितीत आम्ही २०१४ च्या उन्हाळ्यात होतो.

एप्रिलमध्ये आठ शहरांच्या फ्रँचायझी जाहीर झाल्या आणि जूनमध्ये ब्राझीलची विश्वचषक स्पर्धा सुरू झाली. मध्यरात्रीचे सामने पाहून लाल डोळ्यांनी कामावर जायचे आणि संध्याकाळी कट्ट्यावर ब्राझीलऐवजी आपल्या संघाच्या जर्सीच्या रंगावर वाद घालायचा, असा तो काळ होता. इटलीच्या फिओरेंटिना क्लबशी सहकार्य झाल्याचे कळले तेव्हा आमच्यातल्या एकाने त्या क्लबचा जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आठवड्याभरात पाठ केला. मग डेव्हिड त्रेझेगे येणार अशी बातमी आली. फ्रान्सच्या १९९८ च्या विश्वविजेत्या संघातला, २००० च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध सुवर्ण गोल (जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल) मारणारा माणूस पुण्याची जर्सी घालून बालेवाडीत खेळणार, हे वाक्य आम्ही एकमेकांना इतक्या वेळा ऐकवले की त्याचा अर्थच झिजून गेला. प्रत्यक्षात तो आला तेव्हा ३७ वर्षांचा होत आला होता. पेनल्टी क्षेत्रात त्याची जागा हेरण्याची नजर तेव्हाही इतरांपेक्षा वेगळी होती, यात शंका नाही. पण चेंडू तिथपर्यंत पोहोचवायला मधली फळी लागते, आणि एखादे मोठे नाव येणार म्हणून हरखलेला चाहता मधल्या फळीची चौकशी करत नाही. आम्हीही केली नाही.

या संघाचा सर्वांत चांगला हंगाम २०१७-१८ चा. आल्फारो आणि मार्सेलिन्यो या परदेशी खेळाडूंच्या जोरावर संघ प्रथमच उपांत्य फेरीत गेला. बंगळूरूविरुद्ध बालेवाडीतला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल करून आमचा हिशेब चुकता केला. त्या रात्री आम्ही ‘पुढच्या वर्षी’ असे म्हणत घरी गेलो. पुढचे वर्ष यथातथा गेले, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मालकवर्गाच्या आर्थिक अडचणींमुळे संघ बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाने घेतली आणि बरेचसे खेळाडूही तिकडे गेले. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून विजेतेपद मिळवले तेव्हा तो सामना मी घरी बसून एकट्याने पाहिला. बालेवाडीत ज्याच्या नावाने ओरडलो होतो तो आशिष राय त्या संघात होता, आणि टाळ्या वाजवाव्यात की टीव्ही बंद करावा हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही. २०२५ मध्ये तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला. आता तिथल्या चाहत्यांना मी काही सांगण्याची गरज उरलेली नाही.

हे सारे आपला उत्साह मोडण्यासाठी लिहिलेले नाही. संघाकडून अपेक्षा जरूर ठेवावी. माझे म्हणणे एवढेच आहे की ती गुणतक्त्यातल्या स्थानाबद्दल न ठेवता संघाच्या मुळांबद्दल ठेवावी. पहिल्या हंगामातल्या स्थानावरून काहीच कळत नाही. बंगळूरू एफसीची स्थापना २०१३ मध्ये झाली, त्याला आय-लीगमध्ये थेट जागा मिळाली आणि पहिल्याच प्रयत्नात त्याने ती जिंकली. भारत एफसीलाही तशीच थेट जागा मिळाली होती आणि तो शेवटचा आला. पण बंगळूरूत त्या पहिल्या वर्षी विजेतेपदापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट घडली, ती म्हणजे जुन्या फुटबॉल स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या भागात ठरावीक मंडळी दर सामन्याला जमू लागली आणि ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा समर्थकांचा गट उभा राहिला. पुढे क्लबने मैदान बदलून कांतीरवा स्टेडियम घेतले तेव्हा गटही आपल्या नावासकट तिकडे गेला.

मुळे म्हणजे काय हे पाहायचे असेल तर कोल्हापूरला जावे. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ हे संघ आहेत, आणि त्यांतल्या कोणत्याही संघाला कधी ‘शहर सोडून जाणार का’ असे विचारावे लागत नाही, कारण संघ पेठेचा असतो. शाहू स्टेडियमवर भर दुपारच्या उन्हात पायऱ्यांवर बसलेला माणूस समोरच्या गोलरक्षकाला नावाने ओळखतो, बऱ्याचदा त्याच्या वडिलांनाही ओळखतो, आणि त्या ओळखीचा पुरेपूर वापर करून त्याची खरडपट्टी काढतो. हे संघ आफ्रिकेतून खेळाडू आणतात, त्यांच्यावर पैसे खर्च करतात, हरले की आठवडाभर पेठेत तोंड दाखवत नाहीत. त्याची दुसरी बाजूही आहे. हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग तिथे घडले आहेत आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतून आला, आणि ही माती कोणत्याही मालकाने विकत आणलेली नव्हती. व्यावसायिक क्लबला पेठेचे हे नाते जसेच्या तसे जमणार नाही. त्यातले थोडे तरी जमवण्याची त्याची इच्छा आहे का, हे मात्र चाहत्याला सुरुवातीलाच पारखता येते.

त्यासाठी पहिली चौकशी मैदानाची करावी. आमचे बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले. उत्तम वास्तू आहे, पण फुटबॉलच्या मैदानाभोवती धावण्याचा आठ पदरी ट्रॅक आहे. त्यामुळे खेळाडू लांब दिसतात, आणि समोरच्या बाजूने दिलेली घोषणा इकडे पोहोचेपर्यंत इकडची घोषणा अर्धी झालेली असते. शिवाय ते शहराच्या एका टोकाला. आम्ही जात होतो त्या काळी रात्री सामना संपल्यावर हडपसर किंवा कात्रजकडे जाणाऱ्या माणसाकडे स्वतःची दुचाकी नसेल, तर तो ऐंशीव्या मिनिटालाच उठून महामार्गाकडे चालू लागे, आणि शेवटच्या दहा मिनिटांत झालेले गोल त्याने पाठमोऱ्या अवस्थेत ऐकलेले असत. आपला संघ कोणत्या मैदानावर खेळणार, ते मैदान किती वर्षांच्या कराराने मिळाले आहे आणि सामना संपल्यावर शेवटची बस किती वाजता आहे, हे विचारून घ्या. मुंबई सिटीच्या चाहत्यांना नेरूळहून अंधेरीच्या छोट्या मैदानावर आल्यावर काय फरक पडला, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे आहे.

दुसरी चौकशी लीगची. संघ नेमका कोणत्या स्पर्धेत उतरणार, तिथून वर जाण्याची वाट आहे का, आणि ती स्पर्धा स्वतः किती स्थिर आहे? एव्हाना दुसऱ्या श्रेणीची झालेली आय-लीग जिंकून सर्वोच्च ठरलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये जाण्याची वाट २०२३ मध्ये पंजाब एफसीच्या रूपाने प्रथम उघडली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र राष्ट्रीय महासंघाचा व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत असल्यामुळे खुद्द सुपर लीगचाच २०२५-२६ चा हंगाम लांबणीवर पडला आणि मोठमोठे क्लब हातावर हात ठेवून बसले, हेही आपण पाहिले. केरळने २०२४ मध्ये स्वतःची राज्यस्तरीय व्यावसायिक लीग सहा नव्या संघांनिशी सुरू केली. संघाचा संघर्ष शेजारच्या जिल्ह्याशी असला की बाहेरगावचा सामनाही एका दिवसात पाहून परतता येतो, ही त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली बाब.

तिसरी चौकशी मुलांची, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तेरा-पंधरा-सतरा वर्षांखालील संघ पहिल्याच वर्षी सुरू होत आहेत का, की ‘पुढील टप्प्यात’ होणार आहेत? पुढील टप्पा हा शब्दप्रयोग मी पुण्यात पुष्कळ ऐकला आहे.

आता चाहत्यांनी काय करावे. संघाची वाट न पाहता गट आत्ताच बांधा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात हेच झाले होते. तिथल्या चाहत्यांनी शहराला संघ मिळण्याआधीच, २००७ मध्ये, ‘सन्स ऑफ बेन’ नावाचा समर्थकांचा गट काढला. संघ नव्हता म्हणून त्यांचे काही अडले नाही. ते इतर शहरांच्या सामन्यांना जाऊन आपल्या अस्तित्वात नसलेल्या संघाच्या नावाने घोषणा देत. शहराला संघ २००८ मध्ये जाहीर झाला, तो २०१० मध्ये खेळू लागला, आणि घरच्या पहिल्याच सामन्यात सेबास्तियन ल तू याने तीन गोल केले तेव्हा गाण्यांचे शब्द सगळ्यांना आधीपासून पाठ होते.

आमची तयारी इतकी नव्हती. त्या वर्षांतल्या एका सामन्याला (संघ कोणता ते सांगत नाही) आम्ही गणेशोत्सवातल्या पथकातले दोन ढोल आणि एक ताशा नेला. प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाने ढोल उलटसुलट करून पाहिले आणि आत सोडले, पण टिपरू ही ‘काठी’ असल्याने ते आत जाणार नाही असे सांगितले. ताशाच्या काड्याही त्याच न्यायाने बाहेर राहिल्या. आत गेल्यावर कोणीतरी चपलेने वाजवण्याची सूचना केली; पथकातल्या मुलाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो मध्यांतरापर्यंत बोलला नाही. शेवटी त्या मुलाने नव्वद मिनिटे ढोल उघड्या तळव्याने वाजवला. सामना बरोबरीत सुटला, आणि परतताना त्याला गाडीचा क्लच दाबता येईना म्हणून मी त्याची गाडी चालवली. तेव्हा वाद्ये, मोठे फलक आणि झेंड्यांच्या काठ्या यांची परवानगी कोणाकडून घ्यायची हे क्लबच्या माणसाला आत्ताच भेटून लेखी ठरवून घ्या. गटाचे नाव, घोषणा आणि गाणी मालकाच्या ब्रँडवर न बांधता शहराच्या नावावर बांधा. मालक बदलले तरी शहराचे नाव घोषणेत तसेच राहील.

राहिला तिकिटाचा प्रश्न. हंगामाचे तिकीट अवश्य काढा. पहिल्या वर्षी रिकाम्या खुर्च्यांइतका वाईट परिणाम संघावर दुसऱ्या कशाचाच होत नाही. पण जागा निवडण्याआधी एखाद्या संध्याकाळी मैदानात जाऊन या. ट्रॅक नसेल तर गोलमागची स्वस्त बाजू घ्या, गट तिथेच जमेल. आमच्यासारखा ट्रॅक असेल तर गोलमागे बसून पलीकडच्या गोलात काय झाले ते शेजाऱ्याला विचारावे लागते. तिथे लांबट बाजूच्या कोपऱ्यातली, शक्य तितकी वरची रांग बरी. आणि कोणत्याही बाजूला बसलात तरी बाहेर पडण्याचे दार जवळ असू द्या, शेवटच्या बसचे मी वर लिहिलेच आहे.