पेट्या तुमच्या आहेत, पण २० फेब्रुवारीपर्यंतच

काका, तुमचं चार पानी पत्र मिळालं. मित्राच्या मुलीच्या लग्नात तुम्ही किती राबलात, तो असा फिरेल असं कधी वाटलं नव्हतं, हे सगळं वाचून वाईट वाटलं. पण शेवटच्या पानाच्या समासात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, ‘एप्रिलमध्ये मुलगा पुण्याहून येईल, मग केस टाकू’, ते वाचून मात्र मी धसकले. एप्रिलपर्यंत तुमचा हक्कच उरणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी हकीकत थोडक्यात सांगते. इंदूरला रामबागेत राहणाऱ्या या निवृत्त शिक्षकांनी २०१६ मध्ये जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. इंद्रजाल कॉमिक्सचे ३४० अंक आणि ‘चांदोबा’चे बांधीव खंड त्यांनी दोन पत्र्याच्या पेट्यांत भरले आणि जुनी पुस्तकं विकणाऱ्या मित्राच्या गोदामात ठेवले. पावती घेतली नाही, यादी केली नाही. घर दोन वर्षांत उभं राहिलं, पण ‘नेतो, नेतो’ म्हणत पेट्या तिथंच राहिल्या. २० फेब्रुवारी २०२३ ला काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘रविवारी पेट्या न्यायला येतो.’ उत्तर आलं, ‘काका, पेट्या आता विसरा. सात वर्षं मी सांभाळल्या, गोदामाचं भाडं मी भरलं, आता त्या माझ्याच.’

अशी पत्रं मला नेहमी येतात. कुणाचा तंबोरा असतो, कुणाचं शिवणयंत्र, कुणाची आईची पैठणी. विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू परत मिळत नाही, आणि प्रत्येक जण विचारतो, ‘इतकी वर्षं झाली, आता काही होईल का?’ इतकी वर्षं झाली हे महत्त्वाचं नाही. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद ७० प्रमाणे, ठेवायला दिलेली जंगम वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. ही ३ वर्षं वस्तू दिली त्या दिवसापासून मोजत नाहीत. तुम्ही मागितली आणि समोरच्यानं नाही म्हटलं, त्या दिवसापासून मोजतात. म्हणून २०१६ ची काळजी सोडा. तुमचं घड्याळ २० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालं आणि २० फेब्रुवारी २०२६ ला थांबणार. आज डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आहे.

मुदत गेली म्हणजे फक्त कोर्टाचं दार बंद होतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्याच कायद्याचं कलम २७ त्याहून कडक आहे. मालमत्तेचा ताबा मिळवण्याच्या दाव्याची मुदत संपली की त्या मालमत्तेवरचा हक्कच संपतो. म्हणजे २१ फेब्रुवारीला वडिलांनी जमवलेले अंक कायद्यानं तुमचे राहणार नाहीत.

तुम्ही दीड वर्षापूर्वी पोलीस ठाण्यात अर्ज दिलात आणि ‘दिवाणी मामला आहे’ असं ऐकून घरी आलात. त्या अर्जानं दिवाणी मुदत एक दिवसही थांबलेली नाही. वकिलाच्या नोटिशीनंही थांबत नाही, आणि एकदा नकार आल्यावर पुन्हा मागणी केली म्हणून नवी मुदत सुरू होत नाही. मुदत संपण्याआधी त्या मित्रानंच सही करून ‘पेट्या तुमच्या आहेत, देतो’ असं लिहून दिलं, तर कलम १८ खाली नवीन मुदत मिळू शकते. पण तो आता तसं लिहून देईल या आशेवर थांबू नका. हे दीड वर्ष ठाण्याच्या भरवशावर गेलं याचा मला खरंच राग येतो, कारण तेव्हाच दावा लावला असता तर आज ही धावपळ नसती.

फौजदारीचंही थोडं सांगते. नकार २०२३ चा आहे, म्हणून गुन्हा लावायचाच तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४०६, म्हणजे विश्वासघात, लागेल. नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली. ४०६ ला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे त्याची दखल घ्यायलाही ३ वर्षांचीच मर्यादा आहे. तिथं काय निघेल हे मी आज सांगू शकत नाही. दिवाणी दावा मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.

आता तो काय म्हणेल? एक, ‘काकांनी पेट्या मला विकायला दिल्या होत्या.’ त्याचा धंदाच जुन्या पुस्तकांचा असल्यामुळे हा मुद्दा मी हलका मानत नाही. त्यानं काही अंक विकले असतील तर ते घेणाऱ्याकडून परत मिळतील की नाही, हेही यावर अवलंबून राहील. तुमचा ‘रविवारी न्यायला येतो’ हा संदेश आणि त्याचं ‘सात वर्षं सांभाळल्या’ हे उत्तर, दोन्ही ठेव होती याच बाजूचे आहेत. तो फोन बदलू नका, संदेश पुसू नका. फोनमधल्या पुराव्यासाठी लागणारं, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागेल, आणि इथल्या कोर्टाचं काम हिंदीत चालतं, तेव्हा मराठी संदेशांचा हिंदी तरजुमाही. दोन, भाडं. फुकट सांभाळणाऱ्याला करार कायद्याच्या कलम १५८ प्रमाणे आवश्यक खर्च मागता येतो, मालकी मागता येत नाही. वाजवी खर्च द्यायला तयार आहोत असं दाव्यातच लिहा. तीन, ‘२०२१ मध्येही काकांनी विचारलं होतं, मी गप्प बसलो, तोच नकार.’ माझ्या मते गप्प बसणं म्हणजे नकार नव्हे, पण न्यायाधीशांना काय पटेल याची हमी कोण देणार? म्हणूनच फेब्रुवारीची वाट न बघता जानेवारीच्या मध्यापर्यंत दावा दाखल करा.

चौथं तो नक्की म्हणेल: ‘जुनी कॉमिक्सच ना, पैसे घ्या.’ इथं विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ८ तुमच्या कामाचं आहे. पैशानं भरपाई होणार नाही, किंवा नुकसानीचा आकडा काढणं फार कठीण आहे, अशी वस्तू असेल तर तीच वस्तू परत द्यायला कोर्ट लावू शकतं, आणि उलट सिद्ध होईपर्यंत कोर्टानं तसं गृहीत धरायचं असतं. पण कोणती वस्तू ते तुम्ही नेमकं सांगितलं पाहिजे. ‘वेताळाचे जुने अंक’ एवढ्यानं भागणार नाही. इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं, पहिले ३२ अंक नुसत्या वेताळाचे, म्हणजे फँटमचे, मग जादूगार मँड्रेक आला, १९७६ ला आबिद सुरतींचा बहादूर, आणि १९९० ला ते बंद पडलं. तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते, तेही अनेक भाषांत. तेव्हा अंकाचा क्रमांक, भाषा, कथेचं नाव आणि खूण अशी चार रकान्यांची यादी आजपासून करायला घ्या. सगळे ३४० आठवणार नाहीत. जेवढे आठवतील तेवढे लिहा, जुन्या फोटोंत कपाट दिसत असेल तर त्यावरून भर घाला.

खूण तुमच्याकडे आहे, आणि ती तुम्ही पत्रात जाता जाता सांगितलीत. वडील प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर, वरच्या उजव्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईचा गोल शिक्का मारायचे. तुम्ही पाठवलेल्या फेसबुकवरच्या विक्रीच्या फोटोत, गंजलेल्या पिनेजवळ पान जरा मुडपलंय, तिथं त्या शिक्क्याची अर्धी कड दिसते. तो फोटो काढून टाकला जाण्याआधी तारखेसकट जपून ठेवा.

दाव्यासोबत पहिल्याच दिवशी दोन अर्ज द्या: विक्रीला मनाई, आणि कोर्ट कमिशनर नेमून पेट्यांची मोजदाद. दावा निकाली निघायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही. इथं तारखांवर तारखा पडताना मी रोज बघते. तो कागद तेवढा धीर धरणार नाही, साठ वर्षांपूर्वीचा स्वस्त कागद दमट गोदामात पिवळा पडून कडांनी तुटतो. म्हणून अंक कोरड्या जागी, तिसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवावेत अशी विनंतीही करा. कोर्ट मान्य करेलच असं नाही. आणि अंक सापडलेच नाहीत तर किती रक्कम द्यायची, ते हुकूमनाम्यातच लिहून मागा.

नोटीस पाठवायची तर पाठवा, मुदत ७ दिवसांची, त्याहून एक दिवस जास्त नको. नाताळच्या सुट्ट्या मध्ये येतील. मुलाला फोन करा, त्याला यायला जमत नसेल तर तुम्ही एकटे जा. वकिलाकडे जाण्याआधी घरातली जुनी कपाटं, देवघराखालचे खण, वडिलांच्या चष्म्याची पेटी शोधा. तो रबरी शिक्का सापडला तर कागदात गुंडाळून सोबत न्या, आणि त्यावर नवी शाई अजिबात लावू नका.