वाचकांचे प्रश्न : बॉर्न, डिलिव्हरी आणि बर्थ

या वेळी जन्माशी संबंधित इंग्रजी शब्दांवर इतके प्रश्न एकदम आलेत की म्हटलं सगळे एकत्रच घेऊया.

साखळीहून एक शिक्षिका विचारतात : पावसाळ्याआधी शाळेत डेंग्यू-मलेरियाचा बोर्ड केला, मुलांनी 'वेक्टर-बॉर्न' लिहिताना शेवटचा ई गाळला, मी तो घातला तर एक पालक म्हणाले दोन्ही चालतं. खरं काय?

बाई, तुमचंच बरोबर, दोन्ही चालत नाही. दोन्ही रूपं 'बेअर' या एकाच क्रियापदाची, आणि बेअर म्हणजे वाहणं, सोसणं आणि मूल जन्माला घालणंसुद्धा. 'केसरबाई वॉज बॉर्न इन केरी', इथे कुणीतरी जन्माला आलं एवढंच सांगायचंय, तिथे ई नाही. बाकी जिथे वाहून नेणं किंवा सोसणं आहे तिथे ई पाहिजेच, म्हणून वॉटरबॉर्न, एअरबॉर्न, वेक्टर-बॉर्न सगळ्यांना ई, कारण रोग डासातून वाहून येतो, डासाच्या पोटी जन्माला येत नाही. मुलांना असं सांगितलं तर ती परत विसरणार नाहीत. आता यातली खरी गोम अशी की तोच जन्म आईच्या बाजूने सांगितला की ई परत येतो, 'शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन' यात ई हवा, आणि मागे 'बाय' लावून आईचं नाव घेतलं तरी हवा. मला हे फार आवडतं, कारण त्या ई मध्ये आईने वाहिलेलं ओझं आहे. आपल्याकडे पण आया म्हणतातच की नऊ महिने पोटात वाहिलं. आणि हे नुसतं जुळून आलेलं नाही बरं का, संस्कृतातला 'भृ' धातू, 'भरति' म्हणजे वाहतो, त्यातूनच आपला 'भार' आला, आणि इंग्रजी बेअर, लॅटिन फेर्रे, ग्रीक फेरेइन हे सगळे त्याच कुळातले. बर्थ आणि बर्डन पण तिथलेच.

डिचोलीहून एक आजी लिहितात : सुनेची डिलिव्हरी झाली असं सगळे म्हणतात आणि ऑनलाईन मागवलेली मिक्सरची डिलिव्हरी झाली असंही म्हणतात, माझ्या नातवाला पार्सल केल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द नाही का?

आजी, शब्द वाटतो तितका रुक्ष नाही हो. मूळ लॅटिन 'लिबेरारे', म्हणजे मोकळं करणं, लिबर्टी ज्यातून आली तेच. पार्सलचा अर्थ, म्हणजे सोडून दुसऱ्याच्या हवाली करणं, हा त्याचा एक फाटा. जुन्या इंग्रजीत वाक्य असायचं 'शी वॉज डिलिव्हर्ड ऑफ अ बॉय', म्हणजे डिलिव्हर होणारी ती आई, बाळ नव्हे, ती त्या कळांमधून त्या जिवावरच्या संकटातून सुटली असा अर्थ. तुमच्या शेजारी ख्रिश्चन घर असेल तर त्यांच्या प्रार्थनेत इंग्रजीतून 'डिलिव्हर अस फ्रॉम ईव्हिल' असतंच, वाईटापासून आम्हाला सोडव, तोच हा डिलिव्हर. आणि आता आठवून बघा, तुमच्या पिढीच्या बायका काय म्हणायच्या? 'सुटली गो एकदाची', 'मोकळी झाली', 'सुखरूप सुटका झाली'. प्रसूती पुढे सरकेना तर 'बाई अडलीय' आणि झाली की 'सुटली'. इतके नेमके दोन शब्द आपल्याकडे असताना फोनवर सगळ्यांना 'डिलिव्हरी झाली, नॉर्मल आहे' एवढंच सांगितलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर डिलिव्हरी राहू दे, नातेवाईकांना मात्र तुम्ही 'सून सुखरूप सुटली, मुलगा झाला' असंच कळवा, समोरच्याला आईची तब्येत पण त्यातच कळते.

मडगावहून : इंग्रजी पेपरातल्या निधनाच्या जाहिरातीत बाईच्या नावापुढे 'नी' आणि मग दुसरं आडनाव असतं, ते काय?

वाचताना 'नेय' म्हणायचं. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'जन्मलेली', म्हणजे जन्माने त्या आडनावाची, माहेरची. ते बाईचं रूप झालं, पुरुषाने नाव बदललं असेल तर शेवटी एक ई कमी. हा शब्द जिथून आला त्या लॅटिन 'नास्की'मधूनच नेटिव्ह, नेशन, नेचर आलेत, आणि आपण गोव्यात ज्याची वर्षभर वाट बघतो तो नाताळसुद्धा! पोर्तुगीज 'नाताल' म्हणजे जन्मदिवसाचा सण. 1497 सालच्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून जात होता त्याला त्याने नातालच नाव दिलं, दक्षिण आफ्रिकेतल्या त्या प्रांताच्या नावात ते अजून आहे.

याला जोडूनच पेडण्याच्या एका वाचकाचं उत्तर देऊन टाकतो. बायकोच्या कार्डावर 'अँटीनेटल' आहे, अँटी म्हणजे विरुद्ध ना? नाही, घाबरू नका. स्पेलिंग बघा, टी नंतर आय नाही, ई आहे. तो 'अँटे', म्हणजे आधी. जन्माआधीची तपासणी, बस.

फोंड्याहून नाटकात काम करणारे एक जण : 'बॉर्न ॲक्टर' ला मराठीत काय म्हणू? जन्मजात नट बरोबर वाटत नाही. 'आय वॉजंट बॉर्न यस्टरडे' आणि 'सिल्व्हर स्पून' पण सांगा.

जन्मजात नकोच, त्याने आजाराची आठवण होते. 'हाडाचा नट' म्हणा, 'जातिवंत नट' म्हणा, गळ्याबद्दल असेल तर 'उपजत'. माझं स्वतःचं मत, हाडाचा हा शब्द बॉर्नपेक्षा सरस आहे, कारण बॉर्न म्हटलं की सगळं जन्मानेच मिळालं असं होतं आणि मेहनत दिसतच नाही. केसरबाई केरकरांना कुणी बॉर्न सिंगर म्हटलं तर अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी वर्षानुवर्षं घेतलेली तालीम कुठे जाते? दुसऱ्याला 'मी काही कालचं पोर नाही' किंवा 'मी दुधखुळा नाही', आणि समोरचा वयाने लहान असेल तर 'तुझ्या बारशाला जेवलोय मी' हे सगळ्यात झणझणीत. चांदीच्या चमच्यासाठी आपला 'गर्भश्रीमंत' आहेच, एका शब्दात काम, भाषांतर करत बसू नका.

वास्कोहून शेवटचा : 'गिव्ह हिम अ वाईड बर्थ' यात जन्म कुठून आला?

आलाच नाही. हा बर्थ वेगळा, स्पेलिंगमध्ये आयच्या जागी ई. तुमच्या मुरगाव बंदरात जहाज लागतं तो बर्थ, कोकण रेल्वेत झोपायला मिळतो तोही तोच. आधी त्याचा अर्थ होता जहाजाला वळायला-हलायला लागणारी मोकळी जागा, म्हणून वाईड बर्थ देणं म्हणजे लांबून जाणं. हाही बहुतेक बेअरवरूनच आलाय, म्हणजे दोन बर्थ लांबचे भाऊबंद निघाले. मराठीत सरळ लिहा, 'त्याच्यापासून चार हात लांब राहा'.