बटणं कोण लावतं?

*ताई, यांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन अडीच वर्षं झाली. कॅन्सर गेला, पण लघवीवरचा ताबाही गेला. व्यायाम करून झाले. अजून दिवसाला पाच पॅड लागतात. डॉक्टर म्हणतात, कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी अडवून धरणारं यंत्र, बसवा. यांचं वय ७१. मी सगळं वाचून काढलं. कुठे आठ वर्षं टिकतं म्हणतात, कुठे दहा. म्हणजे ऐंशीव्या वर्षी पुन्हा ऑपरेशन? हे काहीच बोलत नाहीत. "तू म्हणशील तसं," एवढंच. औषधं, पॅड, सगळं मीच बघते. सकाळी शर्टाची बटणंसुद्धा मीच लावते, त्यांना वेळ लागतो म्हणून. हे यंत्र किती वर्षं टिकेल, खरं खरं सांगा.*

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. असं यंत्र पहिल्यांदा माणसाला बसवलं १९७२ साली. आज सगळ्यात जास्त वापरतात तो नमुना १९८०च्या दशकातला आहे, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांचा हिशेब डॉक्टरांच्या हाताशी आहे. पाच वर्षांनी साधारण चारांतल्या तिघांना पुन्हा ऑपरेशन लागलेलं नसतं. दहा वर्षांनी हे प्रमाण निम्म्याच्या थोडं वर राहतं. कधी यंत्राच्या आतलं पाणी झिरपून जातं, कधी मूत्रनळी आवळून धरणाऱ्या पट्ट्याखाली ती नळी दाबून दाबून बारीक होते. मग तेवढा भाग किंवा अख्खं यंत्र बदलतात. जंतुसंसर्ग झाला किंवा पट्टा नळीत रुतला तर मात्र ते काढावंच लागतं, आणि पुन्हा बसवायचं का हे काही महिने थांबून ठरवतात. तेव्हा ऐंशीव्या वर्षी ऑपरेशन लागेलही, नाही लागणारही. झालं?

आता बटणांचं बोलू.

एवढं वाचलंत, तर हे यंत्र चालतं कसं तेही वाचलं असेल. मूत्रनळीभोवती पाण्याने भरलेला पट्टा, पोटात पाण्याचा छोटा फुगा, आणि वृषणाच्या पिशवीत कातडीखाली बोटाच्या पेराएवढा पंप. लघवीला जायचं की एका हाताने तो पंप धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने दोन-तीनदा दाबायचा. पट्टा सैल होतो, लघवी होते, दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप पुन्हा आवळतो. दिवसातून सहा-सात वेळा हेच, रात्री झोपेतून उठूनसुद्धा. दिसत काही नाही, सगळं चाचपून करायचं. शर्टाचं बटण निदान डोळ्यांना दिसतं तरी.

आणि तुम्ही लिहिता, "त्यांना वेळ लागतो."

वेळ लागतो म्हणजे काय? बोटं आखडलीत? हात थरथरतो? चिमटीत जोर येत नाही? की त्यांना सगळं नीट जमतं, पण तुम्हाला तेवढा दम धरवत नाही? पत्र दोनदा वाचलं, मला काही कळलं नाही. खरं सांगा, तुम्हाला तरी माहीत आहे का?

तुमच्या मनात काय आलं तेही मला ठाऊक आहे: मीच दाबून देईन पंप. नाही, बाई. तुम्ही बाजारात गेलात, आजारी पडलात, तर तो माणूस भरल्या मूत्राशयाने तुमची वाट बघत बसणार? अडीच वर्षं पॅड मोजलेत, ते प्रेमाने मोजलेत हे कबूल. पण त्या मोजणीत एक माणूस "तू म्हणशील तसं" म्हणायला शिकला. शरीर त्याचं, पंप त्याच्या पिशवीत, आणि पत्र तुमचं!

म्हणून उद्या सकाळी एवढंच करा. शर्ट त्यांच्या हातात द्या आणि खोलीतून बाहेर या. वीस मिनिटं लागली तरी आत जाऊ नका.

बटणं लागली, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ते एकटे बसतील. यंत्र हवं की नको, ते स्वतःच्या तोंडाने सांगतील. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे यंत्र बंदच ठेवतात, तोवर गळती चालूच राहते, हेही त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकू दे. आणि हेही की पुढे कधी कुठल्याही दवाखान्यात कोणी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायला आलं, तर "आधी माझं यंत्र उघडं करून ठेवा" हे त्यांनाच सांगावं लागेल. ते न करता नळी घातली तर चांगलं चाललेलं यंत्रही वाया जाऊ शकतं.

नाही लागली, तर टिकाऊपणाचे आकडे मिटवून ठेवा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य बोटांबद्दल सांगा. बोटं का चालत नाहीत हे आधी बघायला हवं, त्यावर इलाजही असू शकतो. पंप न दाबता चालणारी स्लिंग नावाची पट्टीही असते, पण ती थोड्या किंवा मध्यम गळतीसाठी. पाच पॅडवाल्याला ती पुरेल अशी आशा मी दाखवणार नाही.

कॉलरचं बटण सगळ्यात अवघड असतं. ते राहिलं तर राहू द्या, तसेच बाहेर येऊ देत.